प्रायोजकाला मुदत द्यावी, नकाराधिकार नव्हे

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आपले आभार. आपला आक्षेप असा आहे की, संशोधकाच्या प्रकाशन-स्वातंत्र्याची बाजू घेताना मी संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या प्रायोजकाची जोखीम दुर्लक्षिली. आपल्या मते, ज्याचा पैसा गुंतला आहे त्यालाच काय छापावे हे ठरवू द्यावे, नाहीतर प्रायोजक संशोधनाकडे पाठ फिरवतील.

जोखीम खरी आहे. युरोपात पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी शोध प्रसिद्ध झाला, तर त्याचे नावीन्य संपल्याचे मानले जाते आणि पेटंट हातचे जाते. म्हणून हस्तलिखित प्रायोजकाला आधी दाखवावे, 30 ते 60 दिवसांत त्याने आपली गोपनीय माहिती वगळून घ्यावी आणि पेटंट-अर्जासाठी गरज पडल्यास ठरावीक मुदतवाढही मागावी, हे मला न्याय्य वाटते. पण प्रकाशन काही काळ थांबवण्याचा अधिकार वेगळा आणि ते कायमचे दडपण्याचा वेगळा.

हा फरक कागदावरचा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधक बेटी डाँग यांनी थायरॉइडवरील सिंथ्रॉइड या औषधाची इतर तीन औषधांशी तुलना केली. प्रायोजक असलेल्या सिंथ्रॉइडच्या कंपनीला आपले औषध सरस ठरण्याची आशा होती. चारही औषधे समतुल्य ठरली. करारात मात्र लेखी संमतीशिवाय निष्कर्ष प्रसिद्ध करू नयेत असे कलम होते. नियतकालिकाने स्वीकारलेला लेख, कंपनी खटला भरेल या भीतीने आणि विद्यापीठ पाठीशी उभे राहणार नाही हे कळल्यावर, 1995 मध्ये छपाईच्या तोंडावर मागे घ्यावा लागला; तो प्रसिद्ध झाला 1997 मध्ये. मधल्या काळात रुग्ण महागडे औषध घेत राहिले, आणि हे नुकसान, माझ्या मते, प्रायोजकाच्या कोणत्याही तोट्याइतकेच मोजले पाहिजे.

कंपनीने अभ्यासाच्या पद्धतीत दोष दाखवले होते, हेही खरे. तो तिचा हक्कच होता, परंतु अशा आक्षेपांची जागा लेखाशेजारी, सर्वांना वाचता येईल अशी हवी. अनुकूल तेवढेच छापले गेले, तर छापलेला प्रत्येक लेख खरा असूनही डॉक्टरांसमोर उभे राहणारे एकंदर चित्र खोटे ठरते.

प्रायोजक पाठ फिरवतील, या आपल्या भीतीबद्दल एवढेच सांगतो: 2001 मध्ये प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी जाहीर केले की, प्रायोजकाला विदेवर (अभ्यासात गोळा झालेल्या माहितीवर) एकाधिकार किंवा प्रकाशन रोखण्याची मुभा देणाऱ्या अटींखाली झालेले अभ्यास ते छापणार नाहीत. औषधावर डॉक्टरांचा विश्वास बसावा म्हणून कंपन्यांना याच नियतकालिकांत स्थान हवे असते, त्यामुळे नकाराधिकाराचा आग्रह त्यांनाही परवडणारा नाही.