टाकी विकताय की शोपीस?

फ्रिज घ्यायला गेलं की पहिल्याच वाक्यात लिटर सांगतात. कुकरचे लिटर सांगतात, गिझरचे सांगतात, पाठीवरच्या सॅकचेसुद्धा लिटर सांगतात. आणि जी वस्तू पाणी भरून ठेवण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी बनलेलीच नाही, त्या फिश टँकचे लिटर मात्र कुणी सांगेल तर शपथ! खोक्यावर काय छापलंय? सात रंगांचा एलईडी. रिमोट. 'मॉडर्न लुक'. कडेला सोफा आणि पडद्यांचा फोटो. खोकं उलटंपालटं करून बघावं तेव्हा बारकोडशेजारी बारीक अक्षरात कुठेतरी एक आकडा सापडतो, तोही काठोकाठ भरल्यावरचा. काठोकाठ कोण भरतं हो? मासे उड्या मारतात!

"किती लिटरची आहे ही?" असं विचारलं की दुकानदार दोन हात पसरून दाखवतो. "दोन फुटी आहे." अहो, ती लांबी झाली. सेंटीमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले १०००, की आले लिटर. शाळेतलं गणित आहे. ६० बाय ३० बाय ३६ ची टाकी म्हणजे जवळपास ६५ लिटर. ६० बाय २० बाय २५ ची म्हणजे ३० लिटर. निम्म्याहून कमी! पण दोन्ही 'दोन फुटी', दोन्ही शेजारी शेजारी मांडलेल्या, आणि दुसरीला पुढची काच गोलाईची आणि कोपऱ्यात निळा दिवा, म्हणून ती महाग. त्या गोलाईतून मासा बघायला गेलं तर तो कडेला येताच लांबुळका दिसतो, डोकं एकीकडे आणि शेपूट भलतीकडेच. पैसे जास्त कशाचे, तर मासा वेडावाकडा दिसण्याचे.

त्यातून खडी घाला, दगड घाला, वरची मोकळी जागा सोडा, की त्या ६५ चे ५५ सुद्धा उरत नाहीत. हे कुणी सांगत नाही. वजनही कुणी सांगत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाणी, काच, खडी सगळं धरून ऐंशी किलोच्या आसपास जाणारी वस्तू टीव्हीखालच्या त्या लॅमिनेटच्या कपाटावर ठेवायला बिनधास्त 'चालेल की' म्हणतात.

सध्या फॅशन उभ्या टाक्यांची. कोपऱ्यात छान मावते म्हणे. मावते, पण मासा काय लिफ्टने वरखाली करतो का? मासे आडवे पोहतात. शिवाय पाण्यात ऑक्सिजन जातो तो पृष्ठभागातून. ६० बाय ३० च्या आडव्या टाकीत हवेला टेकणारं पाणी १८०० चौरस सेंटीमीटर. ३० बाय ३० ची, ७० सेंटीमीटर उंच टाकी घेतली तर पाणी जवळपास तेवढंच, पण पृष्ठभाग ९००. सरळ अर्धा! आणि तिचा तळ साफ करायचा तर खांद्यापर्यंत हात घाला, बाही भिजवा, तरी बोटं खडीला टेकत नाहीत. ही टाकी ज्याने डिझाइन केली त्याने आयुष्यात एकदा तरी टाकी धुतली असेल असं मला वाटत नाही.

आणि आता तो बाऊल. तो गोल बाऊल! चित्रांत, जाहिरातीत, भेटवस्तूंच्या कपाटात, जिथे बघाल तिथे बाऊल आणि त्यात एक गोल्डफिश. गोल्डफिश नीट ठेवला तर वीस सेंटीमीटरच्या पुढे जातो, दहा-पंधरा वर्षं जगतो आणि घाण करण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. त्याला राहायला काय, तर चार-पाच लिटर पाणी. फिल्टर बसवायला जागा नाही, हीटर बसवायला जागा नाही. वर गंमत म्हणजे बाऊल गळ्यापर्यंत भरला की हवेला टेकणारं पाणी उरतं बशीएवढं. मग मासा दिवसभर वर येऊन तोंड उघडझाप करत बसतो आणि घरातले कौतुकाने म्हणतात, "बघ बघ, खायला मागतोय!" खायला नाही मागत हो, श्वास मागतोय! त्यावर ही मंडळी अजून चिमूटभर दाणे टाकतात. ते कुजतात. पाणी आणखी बिघडतं.

याच्यावर कुणी बोललं की एक ठरलेलं वाक्य तोंडावर येतं: "टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा काढलं त्याला एकदा भेटायचंय मला. वाढत नाही कारण खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते! ती सोय नव्हे, हाल आहेत. फायटर माशाचं तेच. "अहो, हा ग्लासातसुद्धा राहतो." त्याला हवेतून श्वास घ्यायचा जादा अवयव आहे, म्हणून तो घुसमटून लगेच मरत नाही, एवढंच. मरत नाही म्हणजे मजेत आहे असं होत नाही. त्यालाही वीसेक लिटर पाणी लागतं, २४ ते २८ अंशांची ऊब लागते. पण फुलदाणीत ठेवलेला निळा फायटर टेबलावर 'क्लासी' दिसतो ना, मग झालं.

सगळ्यात डोकं फिरवणारा सल्ला म्हणजे, "पहिल्यांदाच घेताय ना, मग छोटीच घ्या, सोपी पडते." साफ उलटं! पाणी कमी तितकी चूक महाग. चार दाणे जास्त पडले, एक मासा मागे मरून पडला, दुपारी ऊन आलं, की छोट्या टाकीत सगळं हाताबाहेर जातं. ६० लिटरमध्ये तेच पचून जातं. तरीही इवल्याशा डब्यांवर 'बिगिनर किट' लिहून विकतात. हे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला आधी भोवऱ्यात ढकलण्यासारखं आहे.

आणि टाकी विकली की त्याच दिवशी, त्याच पिशवीतून मासेही! "पाणी भरा, दोन तास बुडबुडे चालू ठेवा, मासे सोडा." दोन तास! माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, तोही विषारीच. मग दुसरे त्याचा नायट्रेट करतात, जो मासे बऱ्यापैकी सोसतात आणि जो आपण थोडं थोडं पाणी बदलून काढतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि ती वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दोन तासांच्या बुडबुड्यांनी ती बसत नाही. मासे आठवड्यात मरतात, माणूस परत दुकानात जातो, तिथे ऐकतो, "पाणी सूट झालं नसेल", आणि निळं औषध व नवे मासे घेऊन येतो. धंदा बघा कसा बसवलाय! त्यात फिल्टरच्या डबीवर लिहिलेलं असतं की कार्ट्रिज, म्हणजे आतला स्पंजचा भाग, दर महिन्याला बदला. म्हणजे मोठ्या मुश्किलीने वाढलेले जिवाणू दर महिन्याला कचऱ्यात. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळून परत लावला की भागतं, नळाखाली धरला तर क्लोरीन त्यांना मारतं. पण मग कार्ट्रिज कोण घेणार?

निघताना हातात एक सकर, काचेला तोंडाने चिकटून बसणारा मासा. "हा टाकी साफ ठेवतो." बोटाएवढं पिल्लू, मोठा होऊन फूटभर किंवा त्याहून लांब. साफ कसला ठेवतो, तोच सगळ्यांत जास्त घाण करतो!

माझी मागणी फार मोठी नाही. खोक्यावर लिटर मोठ्या अक्षरात छापा, काठोकाठचे नाही, वापरात येणारे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही लिहा. यात कोणते मासे ठेवू नयेत तेही लिहा. आणि बाऊलच्या खोक्यावरचा तो गोल्डफिशचा फोटो आधी काढा. तिथे शंख दाखवा, मेणबत्त्या दाखवा, गोट्या दाखवा, काय वाट्टेल ते दाखवा.