नेक्स्ट मारा, सर

उद्या सकाळचे सहा वाजून गेले आहेत, असं आज मला एका सॉफ्टवेअरने ठणकावून सांगितलं.

काम किरकोळ होतं. बाहेर टांगायचा एक डेटा लॉगर. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस ठरावीक वेळाने नोंदवायचे, बस्स. केबल जोडून मी सेटिंग उघडलं आणि नेमका तेव्हाच प्रिंटर दुरुस्त करायला आलेला माणूस माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. प्रिंटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता.

“काय अडलंय, सर?”

“सॅम्पलिंग इंटरव्हल विचारतंय. आणि लॉगिंग इंटरव्हल.”

“नेक्स्ट मारा ना.”

“अहो, दोन्ही वेगळे असतात.”

आता इथे गप्प बसायचं की नाही? पण मी समजवायला गेलो. ही डबी दर दोन सेकंदांनी बघते, पण लिहिते दहा मिनिटांनी एकदाच, मधल्या 300 निरीक्षणांची सरासरी काढून.

“एवढं बघते तर लिहीत का नाही?”

“मेमरी भरेल. 32,000 नोंदी बसतात. दर सेकंदाला लिहायला लावलं तर सकाळी आठला सुरू केलेली डबी संध्याकाळी पाचच्या आत फुल्ल. दहा मिनिटांवर ठेवली तर 222 दिवस चालते.”

“माझ्या फोनला एकशे अठ्ठावीस जीबी आहे,” तो म्हणाला. आवाजात सांत्वन होतं.

मग त्याने डबी उचलली, उलटीसुलटी केली, कानाशी धरली.

“आत्ता किती दाखवतंय?”

“दाखवत नाही. स्क्रीन नाही त्याला.”

“मग गरम होतंय हे कळणार कधी?”

“नंतर. फाइल उतरवली की.”

बराच वेळ तो माझ्याकडे बघत राहिला. मग खिडकीपाशी गेला, हात बाहेर काढला, आत घेतला.

“गरमच आहे, सर.”

तसा तो एकटाच नाही. आमच्या वरिष्ठांनाही सगळं दर सेकंदाला हवं असतं, ‘एकही आकडा सुटायला नको’. वास्तविक जाड आवरणातल्या सेन्सरला बाहेरचा बदल समजायलाच काही मिनिटं जातात. सेकंदासेकंदाला विचारलं तरी तो तेच ते सांगणार. आणि महिन्याअखेरीला हेच वरिष्ठ विचारणार, “ते सगळं राहू द्या हो, सरासरी किती?”

सरासरीचं तर नावच काढू नका. वाऱ्याची दिशा एकदा 350 अंश आली आणि एकदा 10 अंश, म्हणजे दोन्ही वेळा वारा उत्तरेचाच. साधी सरासरी काढा, 180 येते. चक्क दक्षिण! पावसाची तर बेरीज घ्यायची असते, पण या सॉफ्टवेअरने पावसापुढेही ‘सरासरी’च आधीपासून निवडून ठेवली होती. हे बनवणारा कधी पावसात भिजलाच नसावा. त्याखाली आणखी एक बारीक टिक: मेमरी भरली की जुन्या नोंदी पुसून त्यावर नव्या लिहायच्या. तीही आधीपासून. कोणी विचारलं होतं? ज्या नोंदींसाठी हा सगळा खटाटोप, त्याच पुसायची परवानगी माझ्या वतीने परस्पर देऊन मोकळे! वर छापील पुस्तिकेत सल्ला: ‘आपल्या गरजेनुसार योग्य पर्याय निवडा.’

“नेक्स्ट मारा, सर.”

मारलं. सुरू होण्याची तारीख टाकली 05/06, वेळ सकाळी सहा. उत्तर आलं: ही वेळ उलटून गेली आहे. जून महिना चालू आहे आणि हे महाशय 6 मे धरून बसलेले. आधी दिवस की आधी महिना, याचा चौकटीपाशी मागमूस नाही. तेरा तारीख उलटलेली असती तर निदान अडखळलं तरी असतं, तेरावा महिना नसतो एवढं त्याला कळतं. बारा तारखेपर्यंत मात्र हे बिनदिक्कत वाटेल त्या महिन्यात फिरून येणार आणि वर मलाच घड्याळ शिकवणार.

“जुनी तारीख घेत नाही ते,” मागून खुलासा आला.

“ही उद्याची आहे!”

“मग उद्या टाका ना.”

एवढं बोलून त्याने घड्याळ बघितलं, पुढचा कॉल आहे म्हणाला आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ‘काम समाधानकारक’ या चौकटीत टिक आधीपासूनच होती. प्रिंटर त्याने अजून उघडलाही नव्हता.