शाळा बंदचा आदेश निघतो, मग भरपाईचा का नाही?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षापासून मनात साठलेलं आज लिहितेय.

2024-25 ला पाचवीत माझ्याकडे एक मुलगा होता. त्याचं नाव पहिलीच्या हजेरीपटावर चढलं जून 2020 मध्ये, पण प्रत्यक्ष वर्गात तो बसला 1 डिसेंबर 2021 ला, थेट दुसरीत. मधल्या काळात कोरोनामुळे शाळा बंद होती. 'शाळा बंद पण शिक्षण आहे' म्हणत आम्ही व्हॉट्सअॅपवर अभ्यास पाठवायचो, आणि त्यांच्या घरातला एकुलता एक फोन सकाळीच वडिलांबरोबर कामावर जायचा. जुलै 2021 मध्ये 45 दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, आला, तोही त्याच फोनवर.

पाचवीत वाचायला उभा केला की साधे शब्द भराभर वाचायचा. जोडाक्षर आलं की थांबला. 'प्रश्न' या शब्दावर बोट ठेवून तो शेजारच्या चित्राकडे बघत राहायचा, तिथे काही सापडतंय का म्हणून. हातच्याची वजाबाकी कच्ची, आणि पुस्तक भागाकारावर पोचलेलं.

हा एकटा नव्हता. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, त्यांचं प्रमाण 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत 2018 ला 27.3 टक्के होतं, 2022 ला 20.5 टक्क्यांवर आलं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 4 शाळाबाह्य मुलाला वयानुसार वर्गात बसवतं आणि विशेष प्रशिक्षणाचा हक्क देतं. माझा विद्यार्थी मात्र कागदावर शाळेतच होता, दरवर्षी वरच्या वर्गात जात होता. त्याला हा हक्क नाही! उलट 2019 मध्ये मुलांना नापास न करण्याचं कलम 16 बदललं, आणि पाचवीला परीक्षा आली. नापास झाला तर जादा शिकवणी आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षा. म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, जेव्हा निम्मा वर्ग मामाच्या गावाला किंवा आईबापांबरोबर कामावर असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारी आदेशाने शाळा महिनोन्‌महिने बंद राहिली, तर साथ असो की पूर, त्या प्रत्येक मुलाला भरपाईचं शिकवणं कायद्याने मिळालं पाहिजे. त्यासाठी वेगळे शिक्षक आणि वेगळा पैसा हवा. माझ्याकडे दोन वर्ग आहेत, त्यातून वेळ काढून एकेका मुलाला बाराखडीपासून किती पुढे नेणार?

ही तुकडी 2027-28 ला आठवीत जाईल. तिथेही हीच परीक्षा आहे. दुरुस्ती त्याआधी व्हायला हवी.