माचू पिचूचे सांगाडे नेमकं काय सांगतात?

‘माचू पिचू ॲमेझॉनमधून धरून आणलेल्या गुलामांनी बांधलं आणि तिथे सूर्यकुमारिका राहत, हे डीएनएने सिद्ध झालं’ असा मजकूर हातोहात फिरतोय. माचू पिचू म्हणजे पेरूच्या डोंगरांतलं इंका साम्राज्याचं जुनं ठिकाण, आणि सूर्यकुमारिका म्हणजे सूर्यदेवाच्या सेवेला वाहिलेल्या बायका. आधार म्हणून तिथल्या सांगाड्यांच्या डीएनएवर २०२३ साली झालेल्या अभ्यासाकडे बोट दाखवलं जातं. अभ्यास खरा आहे. फक्त त्यात हे म्हटलेलं नाही.

‘बांधलं’ इथूनच गडबड सुरू होते. तपासलेले ३४ जण तिथल्या दफनभूमीतले, म्हणजे इंका सम्राट पाचाकुतीच्या या वाड्यावर चाकरी करून तिथेच मेलेली माणसं. दगड घडवायला, रचायला बहुधा ‘मिता’चे मजूर येत. ही पाळीपाळीची सरकारी वेठ. पाळी संपली की माणूस आपल्या गावी परत.

‘ॲमेझॉनमधून’ हे अर्धवट. काहींचा वंश तिकडचा आहेच, पण बाकीच्यांचा अँडीजच्या डोंगरांतला, पेरूच्या किनाऱ्यावरचा, कुणाचा थेट इक्वेडोरकडचा. खरी मौज तर फॉरवर्ड करणाऱ्यांनी गाळलीच. एवढ्या जणांत अगदी जवळचं नातं एकच निघालं, एक आई आणि तिची मुलगी. इंका कधीकधी वस्तीच्या वस्ती उठवून दुसरीकडे वसवत. इथे तसं झालं असतं तर भावंडं, बापलेक सापडायला हवे होते. ही माणसं बहुतेक एकेकटी आणलेली दिसतात.

शिवाय वंश म्हणजे जन्मगाव नव्हे. त्यासाठी दात बघावे लागतात. दाताचं एनॅमल लहानपणी तयार होतं, पुन्हा बदलत नाही. त्यात अन्नपाण्यातून उतरलेल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून बालपण कुठल्या भूभागात गेलं याचा अंदाज येतो. ती तपासणी या सांगाड्यांवर आधीच झाली होती, आणि तिथेही माणसं ठिकठिकाणचीच निघाली.

सूर्यकुमारिकांची गोष्ट डीएनएच्या कितीतरी आधीची. १९१२ साली अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅमच्या मोहिमेत निघालेले सांगाडे बहुतेक बायकांचे आहेत, असं मोहिमेतल्या हाडांच्या तज्ज्ञाने, जॉर्ज ईटनने ठरवून टाकलं. पुढे मानववंशशास्त्रज्ञ जॉन व्हेरानोने हाडं नीट तपासली, तर बायका-पुरुष जवळपास सारखे, शिवाय तान्ही मुलंही!

राहिला ‘गुलाम’. डीएनएत कुणाचा दर्जा लिहिलेला नसतो. तो जुन्या नोंदी आणि थडग्यांतल्या वस्तूंवरून ठरवावा लागतो. हे लोक बहुधा ‘यानाकोना’, कुळापासून तोडून जन्मभर राजाच्या सेवेला लावलेले. त्यांना कुणी विचारून आणलं नव्हतं, तेव्हा यात गोडवे गाण्यासारखं काही नाही. पण हाडांवर जबर कष्टाच्या किंवा मारहाणीच्या खुणा फारशा नाहीत, आणि काही यानाकोना अधिकारपदाला पोचल्याचं स्पॅनिश बखरकारच लिहून गेलेत.