बदकाचं पिल्लू, टब आणि दूध-ब्रेड

पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर हा संदेश हमखास फिरतो: ‘बदकाचं पिल्लू एकटं दिसलं तर घरी न्या, कारण माणसाचा हात लागल्यावर आई त्याला जवळ घेत नाही. टबात पोहू द्या, दूध-ब्रेड भरवा, पंख फुटले की जवळच्या तलावात सोडा.’ हेतू चांगला असेल, सल्ला पिल्लाच्या जिवावर उठणारा आहे.

हात लागला म्हणून आई टाकते, ही निव्वळ थाप. बदकीण पिल्लाला ओळखते ती आवाजावरून. माणूस शेजारी उभा असेल तर ती लव्हाळ्यात दडून राहते, म्हणून पिल्लू ‘अनाथ’ वाटतं. लांब जाऊन तासभर थांबा. रस्त्यात असेल तर उचलून जवळच्याच गवतात ठेवा.

पिल्लू पोहतं, मान्य. पण दमलं की ते काठावर येऊन आईच्या पोटाखाली शिरतं. टबाला काठ नाही, आई तर नाहीच. लव भिजते, पिल्लू गारठून मरतं.

दूध पक्ष्यांना पचत नाही. आपल्याकडच्या हळदी-कुंकू या रानबदकाची पिल्लं सुरुवातीला किडे-अळ्यांवर वाढतात. ब्रेडवर पोसलं तर नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) कमी पडून पाय वाकतात. पंखाचं टोकही बाहेर वळू शकतं, पिसं अंगालगत मिटत नाहीत. हाड पक्कं झालं की ते सरळ होत नाही, आणि असं बदक उडत नाही.

आता ‘तलावात सोडा’. अंड्यातून आल्यावर पहिल्या दिवसभरात जो हलताना दिसेल त्याच्यामागे पिल्लू लागतं; प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांच्यामागून कलहंसाची (ग्रेलॅग गूज) पिल्लं चालत ती यामुळेच. एकट्याने घरात वाढलेलं बदक पुढे माणसाकडेच धावतं, कुत्र्यालाही भीत नाही. म्हणून जाणकार अशी पिल्लं त्यांच्याच जातीच्या भावंडांत, माणसाचं तोंड फारसं न दाखवता वाढवतात आणि उडता येऊ लागल्यावर सोडतात. तेही स्वजातीचे पक्षी असलेल्या, उथळ, गवताळ पाण्यावर. दगडी घाटाच्या तलावात लहान पिल्लाला बाहेरच येता येत नाही, आणि परकी बदकीण त्याला चोची मारून हाकलू शकते.

शिवाय रानपक्षी घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. आई आलीच नाही तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.

गंमत म्हणजे संदेशासोबतच्या फोटोतलं पिल्लू पिवळंधमक आहे. हळदी-कुंकूच्या पिल्लाची पाठ तपकिरी असते, डोळ्यातून काळी रेघ जाते. फोटोतलं पिल्लू पाळीव बदकाचं, कुणाच्या तरी खुराड्यातलं. ते मोठं झालं तरी धड उडणार नाही. त्याला सोडायचं नाही, सांभाळायचं.