पफ पॅनेलला भोकं पाडू नका

द्राक्षाचा हंगाम जवळ आला की निफाड-दिंडोरीकडच्या ग्रुपवर पफ पॅनेलबद्दल (थंड खोलीच्या भिंतींचे, दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेले तक्ते) एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मतलब असा: ‘पफ पॅनेलमधला गॅस दोन-तीन वर्षांत उडून जातो. बाहेरून हात लावून बघा, गार लागलं की गॅस संपला. बिल दुप्पट येतं. पत्र्याला भोकं पाडून गॅस आणि फोम पुन्हा भरून घ्या, नाहीतर थर्माकोल लावा, त्याला गॅसच लागत नाही.’ हे वाचून माझ्या चुलत्यांनी पिंपळगावच्या प्रीकूलिंग खोलीसाठी (तोडलेली द्राक्षं लगेच गार करायची खोली) ड्रिलवाला ठरवलाय, म्हणून घाईने लिहितोय.

आधी भोकांचं, कारण नुकसान तिथे आहे. पफ पॅनेल म्हणजे एसीच्या गॅसची पाइपलाइन नव्हे. साधारण ४० किलो प्रति घनमीटर घनतेच्या या फोममध्ये प्लॅस्टिक जेमतेम तीन टक्के असतं, बाकी सगळ्या बंद पेशी. गॅस (हल्ली बहुतेक सायक्लोपेंटेन) फोम फुगतानाच त्या पेशींत अडकतो. एक पेशी दुसरीला उघडी नसते, त्यामुळे बाहेरून नळी लावून आत काही भरताच येत नाही. फोम आधीच गच्च भरलेला, त्यात नवा फोम जाणार कुठे? भोकातून आत जाते ती फक्त दमट हवा. बाहेर ३५ अंश आणि आत २ अंश असेल तर वाफेची ओढ सतत आतल्या बाजूला असते. वाफ थंड थरात जाऊन पाणी होते. पाणी या फोमच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. पावसाळ्यात तर विचारूच नका.

हात लावून गॅस तपासणं तर निव्वळ फसवणूक आहे. १०० मिमीचं नवं पॅनेल घ्या, उष्णतावाहकता (फोम किती उष्णता जाऊ देतो तो आकडा, वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये; कमी तितका चांगला) ०.०२२. दोन्ही बाजूंत ३५ अंशांचा फरक असेल तर बाहेरचा पत्रा आसपासच्या हवेपेक्षा साधारण १ अंशाने गार असतो. जुनं होऊन आकडा ०.०२६ झाला तर १.१ अंश. सगळा गॅस जाऊन पेशींत निव्वळ हवा उरली, म्हणजे ०.०३४ झाला, तरी दीड अंश. हा फरक हाताला कळणं शक्य नाही. एखादा पत्रा शेजारच्या पत्र्यांपेक्षा हाताला स्पष्ट गार लागतोय, कोरड्या हवेतही घाम धरतोय, तर आत बहुधा पाणी शिरलंय. म्हणजे ज्या पॅनेलला पाण्याने मारलंय, त्यालाच हे लोक पाण्यासाठी आणखी वाटा करून देणार!

बिल दुप्पट? ५ टन द्राक्ष ६ तासांत ३० वरून ४ अंशांवर आणायला सरासरी २२ किलोवॅट उष्णता काढावी लागते. अशा खोलीच्या भिंती-छत-जमीन धरून १२० चौरस मीटर. ०.०२२ चं ०.०२६ झालं की भार वाढतो पावणेदोनशे वॅटच्या आत. सगळा गॅस गेला असं धरलं तरी पाचशे वॅट. दार उघडं ठेवून क्रेट लावत बसलात तर त्याहून जास्त जातं.

फोम जुना होतो, हे मात्र मान्य करावं लागेल. कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बाहेर पडतो, ऑक्सिजन आणि मागून नायट्रोजन आत येतो, फुगवणारा गॅस सगळ्यात सावकाश निघतो. पण हे घडतं उघड्या फोममध्ये. छपराच्या पत्र्याखाली मारलेल्या, खालून उघड्या २५ मिमी स्प्रे फोमची उष्णतावाहकता पहिल्या काही वर्षांत चांगलीच वाढते, आणि एप्रिल-मेच्या तापत्या छपराखाली आणखी लवकर. जाडी दुप्पट केली की त्याला चौपट वेळ लागतो. पातळ काप काढून जुनेपणा मोजण्याची एएसटीएम सी १३०३ ही अमेरिकी मानक पद्धत याच नियमावर (वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात) उभी आहे, आणि ती गॅस न अडवणाऱ्या आवरणाच्या किंवा उघड्या फोमसाठीच आहे. पॅनेलला दोन्ही बाजूंनी पत्रा असतो. पत्र्यातून गॅस जात नाही, वाट फक्त कडांची. मीटरभर रुंद पॅनेलच्या मध्यापासून कड अर्धा मीटर लांब. तिथे दोन वर्षांत गॅस संपेल कसा? तरी खरेदी करताना ताज्या फोमचा आकडा नको, जुना झाल्यावरचा आकडा लेखी मागा.

थर्माकोल जुना होत नाही, खरंय. त्यात पहिल्यापासून हवाच असते, म्हणून सुरुवातच ०.०३५ च्या आसपास होते. जुनं पफ त्याच्यापेक्षा बरं.

तपासायचंच असेल तर टेम्परेचर गन घ्या. पत्रा रंगीत आणि सावलीतला हवा, चकचकीत पत्र्यावर गन खोटं दाखवते. पॅनेलच्या मध्यावर, मग सांध्यावर आणि स्क्रूंपाशी मोजा. मध्यावर हवेपेक्षा ४-५ अंश कमी दिसलं तर ते पॅनेल बदलायचंच आहे असं समजा. खात्री हवी तर त्याच पॅनेलमधून होल सॉने ५० मिमी व्यासाचा तुकडा काढा. दोन्हीकडचे पत्रे काढून १०० मिमी लांबीचा नुसत्या फोमचा कोरडा तुकडा साधारण ८ ग्रॅम भरतो. १५-२० भरला तर उरलेलं पाणी. बाकीच्या पॅनेलचे सांधे, पाइपची भोकं आणि रिव्हेट बाहेरून, म्हणजे गरम बाजूने, ब्युटाइल सिलंटने बंद करा. नुसतं आतून बंद केलं तर बाहेरून शिरलेली वाफ फोममध्येच अडकून बसते.