लंडनचा धूर आणि आरेची झाडं

मी राहते त्या लंडनच्या डेप्टफर्डमध्ये, थेम्स नदीजवळ, सेझ कोर्ट नावाची छोटी बाग आहे. तिच्यात टेकू देऊन जपलेलं एक म्हातारं तुतीचं झाड आहे. सतराव्या शतकात इथे जॉन एव्हलिनचं घर होतं. सरे परगण्यातल्या वॉटनच्या जमीनदार घराण्यातला हा माणूस. आजोबांनी बंदुकीच्या दारूवर पैसा केला, नातवाने बागा फुलवल्या आणि म्हातारपणापर्यंत रोजनिशी लिहिली.

त्याची आठवण काढायचं कारण माझा गोरेगावचा आतेभाऊ. मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेली आरेची झाडं, मुंबईची हिवाळ्यातली हवा असा विषय निघाला की तो म्हणतो, "ताई, तुमचं लंडनही आधी धुराने काळंच होतं ना? आधी पैसा येऊ दे, हवा मागाहून साफ करता येते." हे मी इतरांकडूनही ऐकते, आणि दर वेळी मला राग येतो.

लंडनला वेळेवर सांगितलं गेलं होतं. १६६१ मध्ये एव्हलिनने 'फ्युमिफुजियम' ही पुस्तिका राजा दुसऱ्या चार्ल्सपुढे ठेवली. बिअर करणारे, रंगारी, चुनाभट्टीवाले, साबणवाले जो दगडी कोळसा जाळतात त्याच्या धुराने लोकांची फुप्फुसं नासताहेत, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. उपायही दिला आहे: भट्ट्या नदीच्या खालच्या अंगाला, शहराबाहेर न्या आणि शहराभोवती सुगंधी झुडपं लावा. राजाला ते पटलं. पुढच्या जानेवारीत कायद्याचा मसुदाही तयार झाला. कायदा झाला नाही. १६८४ मध्ये थेम्स गोठली त्या हिवाळ्यात एव्हलिन लिहितो की, धुरामुळे रस्त्यापलीकडचंही धड दिसत नाही.

डिसेंबर १९५२ च्या विषारी धुक्याने हजारो बळी घेतले, तेव्हा कुठे १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. पुस्तिकेनंतर २९५ वर्षांनी. एवढ्या काळात खोकून खोकून मेलेल्यांना विकासाचा टप्पा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एव्हलिनला मी संत मानत नाही. ईस्ट इंडिया कंपनीत त्याचे पैसे होते, १६८२ मध्ये त्याने तो हिस्सा चांगल्या नफ्यात विकला. 'सिल्व्हा' हा वृक्षलागवडीवरचा त्याचा १६६४ चा ग्रंथही आरमाराला ओकचं लाकूड कमी पडू लागलं म्हणून लिहिलेला. पण आज लावलेला ओक नातवंडांच्या कामी येतो, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता. एका झाडाच्या बदल्यात दहा रोपं लावू म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात मला तो हिशेब कधी सापडत नाही.

नोव्हेंबर १७०३ च्या वादळात वॉटनचे दोन हजारांवर ओक उन्मळून पडले. एव्हलिन तेव्हा ८३ वर्षांचा होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतही दोन हजारांवर झाडं गेली, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येण्याआधीच. तिथे वादळ आलं नव्हतं.